विश्लेषण : विळ्याला पाणी पाजले की पोलादात काय घडते?

रिद्धपूरसारख्या वऱ्हाडातल्या गावांत लोहार विळ्याचे पाते लालबुंद करून झटकन पाण्यात बुडवतो. याला पाणी पाजणे म्हणतात. पाते कठीण होते. पण कधी तडकतेही. या दोन्हींमागे अणूंच्या मांडणीतला बदल असतो. तो कसा घडतो, याचे चित्र अमेरिकी धातुशास्त्रज्ञ एडगर बेन यांनी १९२४ मध्ये मांडले.

बेन कोण होते?
त्यांचा जन्म १८९१ मध्ये ओहायो राज्यात झाला. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकल्यावर त्यांनी कारखान्यांच्या प्रयोगशाळांत काम केले. क्ष-किरणांनी धातूंचे स्फटिक तपासणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी ते एक.

त्यांनी काय सांगितले?
तापलेल्या पोलादात लोखंडाचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर असतात. पाणी पाजल्यावर ते कोपऱ्यांवर आणि घनाच्या पोटात दिसतात. बेन यांच्या लक्षात आले, की दुसरी मांडणी पहिल्यातच दडलेली आहे. फक्त उभी ताणलेली. ती एका दिशेने सुमारे १७ टक्के आकसली आणि उरलेल्या दोन दिशांनी सुमारे १२ टक्के फुगली, की काम झाले. हीच ‘बेन विकृती’. अणूंना दूर जावे लागत नाही. कार्बन आत अडकतो, म्हणून पाते कठीण होते. आकारमान सुमारे ४ टक्के वाढते, तेही बाहेर आधी आणि आत नंतर. म्हणून तडा जातो.

चित्र पूर्ण होते का?
नाही. १९३० मध्ये कुर्द्युमोव आणि झाक्स यांनी नव्या स्फटिकांची दिशा मोजली. बेन यांच्या चित्राशी तिचा सुमारे १० अंशांचा फरक निघाला. स्फटिक दबतो, आतल्या आत घसरतो आणि थोडा वळतोही, हे गणित १९५३-५४ मध्ये सुटले. त्याचा पाया मात्र बेन विकृतीच राहिला.

नाव कसे उरले?
१९२८ मध्ये बेन युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीत गेले. तिथे डेव्हनपोर्ट यांच्यासोबत त्यांनी पोलाद पूर्ण थंड न करता मधल्याच तापमानाला रोखून पाहिले. त्यातून वेगळीच रचना मिळाली. १९३४ मध्ये सहकाऱ्यांनी तिला बेनाइट नाव दिले. बेन १९७१ मध्ये गेले. कठीण असूनही सहजी न तडकणारे पोलाद बनवताना आजही बेनाइटचा आधार घेतला जातो.