डॉ. डू बॉइस : वस्तीत गेलेला विद्वान

अमेरिकेतील डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस (१८६८-१९६३) हे हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. पण ते पदवी मिरवत बसले नाहीत. फिलाडेल्फियातील काळ्यांच्या वस्तीत घरोघर फिरून त्यांनी शिक्षण, रोजगार, गुन्हेगारी यांच्या नोंदी केल्या. ही दैना रक्तातून नव्हे, गुलामगिरी आणि वर्णद्वेषातून आली, हे १८९९ च्या ग्रंथात मांडले. दरम्यान ते अटलांटा विद्यापीठात शिकवू लागले होते. बाहेर गोऱ्यांचे जमाव काळ्यांना ठार मारत होते. नुसते आकडे पुरत नाहीत, हे ओळखून त्यांनी १९०९ साली समान हक्कांसाठी एनएएसीपी उभारण्यात पुढाकार घेतला. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांच्या युनोकडील अर्जाच्या प्रती त्यांच्याकडेच मागितल्या. आम्हीही शिकलो, वकील-प्राध्यापक झालो. वस्तीत परत कितीजण गेलो?