रेडियमचा शेक

मेरी क्यूरीची ओळख आपल्याला शाळेतच होते. दोन नोबेल, गळकी शेड, अंधारात चमकणारं रेडियम. एवढ्यावर धडा संपतो. मला मात्र या बाईच्या चरित्रातला धड्याबाहेरचा भाग अधिक जवळचा वाटतो. त्याला कारण भोर-वेल्ह्याकडच्या बँकेतली माझी वर्षं.

१८६७ मध्ये वॉर्सात जन्मलेली ही मुलगी. मायदेशावर रशियाचा अंमल, मुलींना विद्यापीठाचं दार बंद. थोरल्या बहिणीला डॉक्टर करण्यासाठी आधी तिनं परक्या घरी मुलांना शिकवलं आणि १८९१ मध्ये स्वतः पॅरिस गाठलं. १८९८ मध्ये नवरा पिएर याच्यासह तिनं रेडियम शोधलं. पेटंट घेतलं नाही. आयुष्य व्याजाच्या हिशेबात घालवलेल्या माझ्यासारख्याला इथं क्षणभर थबकावंसं वाटतं. कारण १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून तिला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं. विकत घेणं तिलाच परवडत नव्हतं!

१९०१ मध्ये पिएरनं मुद्दाम हातावर रेडियम ठेवून पाहिलं. कातडी भाजली, जखम आठवडेच्या आठवडे भरेना. निरोगी कातडी जाळणारा पदार्थ गाठही जाळील, हे त्यातून उमगलं. पुढं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर रेडियम वापरात आलं. पण गर्भाशयाला आतडी खेटून असतात. त्यांचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, आणि भराभर वाढणाऱ्या पेशींवरच किरणांचा घाव आधी बसतो. क्ष-किरणांनी पोटात इजा होते हे डेव्हिड वॉल्श यांनी १८९७ मध्येच, म्हणजे रेडियम सापडण्याआधी, नोंदवलं होतं.

वाट दाखवली ती मेरीच्याच रेडियम इन्स्टिट्यूटमधले सहकारी क्लॉद रगो यांनी. त्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. किरणांची सगळी मात्रा एकदम दिली की वरची कातडी जळते. तीच थोडी थोडी, दिवसांच्या अंतरानं दिली की काम होतं आणि कातडी वाचते. आज रुग्ण रोज थोडा, असा पाच-सहा आठवडे शेक घेतात, त्यामागं हा विचार आहे.

आमच्या वेल्ह्याकडच्या (तालुक्याला आता राजगड म्हणतात) बायका सोनं तारण ठेवून परळला टाटात शेक घ्यायला जात. गाठ जाई, बाई परत येई. वर्षा-दोन वर्षांनी रक्त पडू लागलं की मूळव्याध समजून गप्प बसे. एसटीत बसायची धास्ती, लग्नाच्या पंगतीची धास्ती. एक बाई कर्जाचा हप्ता भरायला यायची ती आधी संडास कुठं आहे विचारून. शेकानं आतड्याच्या रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

या दुखण्याचं मोठं काम पुढं त्याच टाटा मेमोरियलनं केलं, याचं मला अप्रूप आहे. शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या ३०० बायकांवर २०११ ते २०१९ चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचा शेक, निम्म्यांना रोज चित्र पाहून आतडी चुकवणारा. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तीन वर्षांत आतड्याचा त्रास मध्यम किंवा त्याहून जास्त झालेल्यांचं प्रमाण ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आलं. कॅन्सरवरचा ताबा सुटला नाही. झालेली इजा भरून काढणं अजून अवघडच. दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवता येतो, सुक्राल्फेटचा एनिमा देतात. दाबाखालच्या प्राणवायूच्या दोन चाचण्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. आतड्यातल्या जिवाणूंवर सध्या बरंच संशोधन चाललंय.

आणि मेरी? बोटं भाजलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. तरी रेडियमवर दोष ठेवायला तिचं मन फारसं तयार नव्हतं. ४ जुलै १९३४ रोजी ती गेली. अस्थिमज्जेनं रक्त तयार करणं सोडलं होतं. त्या पेशीही आतड्याच्या अस्तरासारख्याच, भराभर वाढणाऱ्या.