गिरणी कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांची खडखड कानी पडली नाही असा विद्यार्थी विरळाच. परंतु गिरणी कामगारांस रविवारची सुटी कोणी मिळवून दिली, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. मुंबईच्या एका कापडगिरणीत कोठाराचे काम पाहत असता मजुरांचे हाल त्यांच्या दृष्टीस पडले. पुढे १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राचे संपादन हाती घेतले. त्या काळी गिरणी दिवस उगवताच सुरू होई व मावळल्यावर थांबे. कापसाची धूळ छातीत जाई. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडला, की मजूर घरी बसे आणि चूलही थंड पडे.

१८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी मजुरांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्याच. पण मला मोलाची वाटते ती निराळीच. कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचा पंगू झालेल्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी, असे त्यांनी मागितले.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीस दहा हजार मजूर जमले. दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत लोखंडे निवर्तले. जखमी कामगारास भरपाई देणारा कायदा झाला तो १९२३ साली.