पापळचे भाऊसाहेब

पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या खोऱ्यातील काळी जमीन कापसाला मोठी मानवते. पण त्या जमिनीच्या पोटातील पाणी बऱ्याच ठिकाणी खारे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोद, संग्रामपूर, शेगाव आणि नांदुरा ह्या बाजूची पुष्कळ गावे ह्याच खारपाणपट्ट्यात येतात. अशा मुलखात विहिरीला गोडे पाणी लागले, म्हणजे गावाचे भाग्य उजळले असे लोक मानीत. चैत्र-वैशाखात त्या एका विहिरीभोवती सारे गाव गोळा होई.

सारे गाव म्हटले खरे, पण ते तितकेसे बरोबर नाही. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्या कुटुंबांतील बायका आपल्या रिकाम्या घागरी घेऊन विहिरीपासून दूर उभ्या राहत. कोणाला दया आली, तर तो वरून त्यांच्या घागरीत पाणी ओती. कोणाला न आली, तर ऊन चढेपर्यंत त्या तशाच ताटकळत. नदीनाल्याच्या पात्रात झरा उकरून गढूळ पाणी वाटीवाटीने भरणे, हा त्यांचा दुसरा मार्ग. विहीर कोणी खोदली, तिला पैसा कोणाचा लागला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. अमरावती जिल्ह्यात तो प्रश्न ज्यांनी अधिकाराच्या जागेवरून विचारला, ते डॉ. पंजाबराव देशमुख होत. वऱ्हाडातील लोक त्यांना आदराने भाऊसाहेब म्हणत.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ ह्या खेड्यात झाला. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे राधाबाई. घर शेतकऱ्याचे. कापसाची वेचणी, ज्वारीची राखण, सावकाराचा हिशेब आणि पावसाची वाट हे सारे त्यांनी लहानपणीच पाहिले. गावच्या शाळेतील शिक्षण संपले आणि पुढील वर्गांसाठी गाव सोडणे भाग पडले. प्रथम चांदूर, मग कारंजा, नंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल, अशी ह्या मुलाची शाळेमागून शाळा चालली. आज एखाद्या विद्यार्थ्याला शेजारच्या गावी सायकलने जावे लागले, तर त्याचे घरच्यांना वाईट वाटते. त्या काळी खेड्यातील मुलाला शिकायचे म्हणजे आईबापांना सोडून परक्या गावी, परक्यांच्या आश्रयाने राहणे आले. शेतकऱ्यांची किती तरी हुशार मुले ह्याच एका कारणाने चौथीनंतर नांगरामागे गेली. पंजाबराव गेले नाहीत, एवढेच. पण जे गेले, त्यांना ते विसरलेही नाहीत.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ शिकल्यावर १९२० साली ते विलायतेला गेले. एडिंबरो येथे त्यांनी एम. ए. ची पदवी मिळवली, ऑक्सफर्ड विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि बॅरिस्टरीची परीक्षाही उत्तीर्ण झाले. ऑक्सफर्डमधील त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. शेतकऱ्याच्या मुलाने वेदांचा अभ्यास करावा आणि तोही सातासमुद्रापलीकडे जाऊन, ह्याचे त्या दिवसांत अनेकांना नवल वाटले असेल. पुढे जेव्हा विहिरीच्या आणि देवळाच्या प्रश्नावर धर्माचा दाखला देणारे लोक त्यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा हा अभ्यास वाया गेला नाही.

१९२६ साली ते स्वदेशी परतले आणि अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टरला पैसा मिळवणे अवघड नव्हते; पण त्यांचे लक्ष वकिलीत फारसे रमले नाही. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली त्यांचा विवाह मुंबईच्या विमलाबाई वैद्य ह्यांच्याशी झाला. दोघांच्या जाती निराळ्या होत्या. अशा विवाहाने समाजात किती खळबळ उडत असे, ह्याची आज कल्पना येणे कठीण आहे. विमलाबाई स्वतः सुशिक्षित होत्या. पतीच्या कार्यात त्यांनी जन्मभर साथ दिली आणि पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

त्याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली. १९२७ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. पंजाबराव ह्या चळवळीच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. मंदिराचा प्रश्न पंचांच्या हाती होता; त्यांचे मन वळवणे किंवा सत्याग्रह करणे, एवढेच बाहेरच्याला शक्य होते. पण दुसरा एक प्रश्न असा होता, की तो लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेच्या हातचा होता. तो म्हणजे पाण्याचा.

ही संस्था म्हणजे जिल्हा कौन्सिल. आजच्या जिल्हा परिषदेची ती पूर्वज म्हणता येईल. त्या काळच्या वऱ्हाडात अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ असे चार जिल्हे होते व ते मध्यप्रांताला जोडलेले होते. १९२० च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानुसार तेथे जिल्ह्याचा कारभार पाहणारी कौन्सिले आणि तालुक्यांची लोकल बोर्डे काम करीत. गावचा रस्ता, नाल्यावरचा पूल, गुरांचा कोंडवाडा, दवाखाना, देवी टोचणे, प्राथमिक शाळा आणि सार्वजनिक विहीर अशी कामे त्यांच्याकडे असत. ह्या कामांत दिखाऊपणा कमी आणि हिशेब फार. शाळेचे छप्पर गळते काय, शिक्षकाला पगार पोचला काय, दोर तुटल्यावर नवा कोणी द्यायचा, असल्या गोष्टींची चर्चा करण्यात ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी ह्या सभांना जाऊ नये हे बरे. वेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या बॅरिस्टरला तो वाटला नाही. १९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचेही नव्हते.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी कौन्सिलच्या ताब्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. त्यामागचा हिशेब मात्र नीट समजून घेतला पाहिजे. कौन्सिलचा पैसा आकाशातून पडत नव्हता. शेतसाऱ्याबरोबर उपकर वसूल होई, बाजारात माल आणणारा पट्टी देई आणि सरकार काही अनुदान देई. ज्या शेतातून सारा निघे, त्या शेतात नांगरणी, निंदणी आणि वेचणी करणाऱ्यांत अस्पृश्य मजूर होतेच. म्हणजे ज्या विहिरीचा दगड सर्वांच्या घामाच्या पैशाने बसवला, तिच्या पाण्यापासून त्यांतील काहींना दूर ठेवण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. हा न्याय इतका सरळ आहे, की एखाद्या लहान मुलालाही तो पटेल. परंतु मोठ्या माणसांना तो पटण्यास फार काळ लागला.

कागदावरचा ठराव विहिरीच्या काठापर्यंत पोचणे ही निराळी गोष्ट असते. कोकणातील महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांना प्रत्यक्ष घेता येईना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. वऱ्हाडातही अध्यक्षाच्या सहीने सारी मने एका दिवसात बदलली, असे कोणी समजू नये. मग ठरावाचा उपयोग काय? उपयोग हा, की विहिरीवर जो अडवणूक करतो, तो आता गावाच्या रूढीचा रखवालदार राहत नाही. तो नियम मोडणारा ठरतो. पाणी भरायला आलेली बाई याचक राहत नाही. ती आपला हक्क बजावणारी ठरते. घागर तीच, दोर तोच, पण उभे राहण्याची जागा बदलते. अस्पृश्यता हा देशभर कायद्याने गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. अमरावती जिल्हा कौन्सिलने टाकलेले पाऊल त्याच्या सत्तावीस वर्षे आधीचे होते.

दुसरे काम शाळांचे. खेड्यातील प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण मिळालेच पाहिजे, ह्या हेतूने पंजाबरावांनी ते सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. सक्ती म्हटली की शाळा हव्यात, शिक्षक हवेत, म्हणून पैसा हवा. तो उभा करण्यासाठी त्यांनी कर वाढवला.

कर वाढवणारा पुढारी कोणालाच आवडत नाही. त्यातून त्या काळी मत देण्याचा अधिकार आजच्यासारखा प्रत्येक प्रौढ माणसाला नव्हता. ज्याच्या नावे जमीन किंवा मालमत्ता होती, जो ठरावीक कर भरीत होता, तोच मतदार. म्हणजे ज्यांच्या मतांवर निवडून यायचे, त्यांच्याच पिशवीत हात घालायचा आणि ज्यांना मतच नाही त्या मजुरांच्या मुलांसाठी शाळा चालवायच्या, असा हा व्यवहार होता. निवडणुकीचा विचार करणाऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाने तो टाळला असता. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या पंजाबरावांना कराचा एकेक रुपया कोठून येतो, हे पक्के ठाऊक होते आणि म्हणूनच तो कोठे जावा, ह्याविषयी त्यांचा आग्रह होता. चांदूर, कारंजा आणि अमरावती अशी पायपीट जी मुले करू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत शाळेनेच चालत गेले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

१९३० साली ते प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही त्यांच्याकडील मुख्य खाती. देवस्थानांच्या संपत्तीचा उपयोग लोकांच्या हितासाठी व्हावा म्हणून त्यांनी १९३२ साली एक विधेयक आणले. त्यावरून मोठे वादळ उठले. शेतकऱ्याच्या डोक्यावरील कर्जाची तडजोड व्हावी म्हणून कायदा व्हावा, ह्यासाठीही त्यांनी खटपट केली. १९३३ साली त्यांनी मंत्रिपद सोडले.

मंत्रिपद येते आणि जाते. त्यांनी १९३२ साली अमरावतीस स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था मात्र टिकली आणि वाढली. पहिल्या शाळेनंतर वऱ्हाडातील तालुक्यांच्या गावी आणि मग खेड्यांत तिच्या शाळा निघाल्या. महाविद्यालये पुढे आली. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे शिवाजी महाविद्यालय ह्याच संस्थेचे. शाळा काढायची, तर गावातून देणगी गोळा करावी लागे. कोणी पैसा देई, कोणी धान्य, कोणी जागा. गाडगे महाराजांचा आणि पंजाबरावांचा स्नेह होता, ह्यात आश्चर्य नाही. एकाने डोक्यावर गाडगे घेऊन गावोगावी झाडू मारला आणि दुसऱ्याने बॅरिस्टरची पदवी घेऊन कौन्सिलचे हिशेब तपासले. पण दोघांचीही दृष्टी खेड्यातील त्याच गरीब घराकडे होती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाची घटना लिहिण्यासाठी जी सभा भरली, तिचे पंजाबराव सदस्य होते. मागासलेल्या वर्गांना आणि शेतकऱ्यांना न्याय मिळावा म्हणून ते तेथे आग्रहाने बोलत. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम ह्याच सभेने घटनेत घातले. १९५२ साली अमरावतीहून ते लोकसभेवर गेले आणि केंद्र सरकारात दहा वर्षे त्यांनी शेतीचे काम पाहिले. भाताच्या लागवडीची जपानी पद्धत त्यांनी देशभर नेली. १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरवले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उद्घाटनाला आले होते. इतर देशांची यंत्रे आणि पिके पाहण्यासाठी आपल्या खेड्यांतले शेतकरीही तेथे गेले.

ते दिल्लीत असतानाच महाराष्ट्रात एक मोठा बदल घडला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला त्यांच्या निवडणुकीत मत मिळाले. शाळा, दवाखाने आणि विहिरी ह्यांचा कारभार नव्या संस्थांकडे आला. पूर्वीच्या कौन्सिलसाठी ज्यांना मतच नव्हते, तेही आता सदस्य म्हणून सभेत बसू लागले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीस पंजाबरावांचे निधन झाले. चार वर्षांनी, १९६९ साली, अकोल्यास स्थापन झालेल्या कृषिविद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. विदर्भातील शेतीसाठी ते विद्यापीठ काम करते आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिकालाही चालत नाही, तेथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात कसे साठवावे, हा त्याच्या अभ्यासाचा एक विषय आहे.