पॉल एर्लिख : अचूक वेधाचा उपासक

आपल्या सुरत शहरातील कापड रंगविण्याच्या गिरण्यांतून काम करणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. सुती कापडावर पक्का बसणारा रंग पॉलिएस्टरवर बसेलच असे नाही. प्रत्येक धाग्याला आपला असा रंग लागतो. शरीरातील पेशींनाही हाच नियम लागू पडतो, हे ज्यांनी ओळखले आणि त्यातून रोगनिवारणाची एक नवी वाट काढली, त्या पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाचा परिचय विद्यार्थ्यांना उद्बोधक वाटेल.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. कार्ल वायगर्ट हे त्यांच्या नात्यातील शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या पेशी रंगवीत असत. त्यांच्यामुळे तरुण पॉल याला रंगांचा जणू छंदच जडला. त्या काळी डांबरापासून नवनवे कृत्रिम रंग तयार होऊ लागले होते. १८७८ साली वैद्यकाच्या पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, तोही पेशी रंगविण्याच्या शास्त्रावरच होता. एखादा रंग एकाच जातीच्या पेशीला चिकटतो आणि शेजारच्या पेशीला स्पर्शही करीत नाही, याचे त्यांना मोठे नवल वाटे.

या छंदाचा उपयोग लवकरच दिसून आला. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढले. ते जंतू स्पष्ट दिसावेत यासाठी एर्लिख यांनी रंगविण्याची सुधारित पद्धत बसविली. या पद्धतीत क्षयाच्या जंतूंना चढलेला रंग आम्लाने धुतला तरी निघत नाही. इतरांचा मात्र निघून जातो. थुंकी तपासून क्षयाचे निदान करण्यासाठी हेच तत्त्व अद्यापही वापरले जाते. पुढे एर्लिख यांना स्वतःलाच क्षयाची बाधा झाली आणि आपल्याच पद्धतीने त्यांना आपल्या थुंकीत ते जंतू आढळले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले व बरे होऊन परतले.

आता त्यांच्या मनात एक विचार घोळू लागला. रंग जर नेमक्या जंतूला जाऊन चिकटतो, तर त्याच वाटेने विष पाठवून जंतूला मारता का येऊ नये? त्यात रोग्याच्या शरीराला इजा होता कामा नये, ही मुख्य अट होती. जर्मन लोककथांत कधीही न चुकणाऱ्या मंतरलेल्या गोळीचे वर्णन येते. एर्लिख यांना तसेच औषध हवे होते. १८९१ साली त्यांनी व पॉल गुटमन यांनी मेथिलीन ब्लू हा निळा रंग हिवतापाच्या दोन रोग्यांना दिला आणि दोघांनाही गुण आला. घटसर्पावरील लसद्रव्याची मात्रा निश्चित करण्याचे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे होय. रोगप्रतिकारशक्तीविषयीच्या संशोधनाबद्दल १९०८ साली मेचनिकॉफ यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर उपदंश या भयंकर रोगावर त्यांनी लक्ष केंद्रित केले. सोमलयुक्त संयुगे एकामागून एक तयार करून तपासण्याचे काम फ्रँकफुर्ट येथे चिकाटीने चालू होते. ६०६ क्रमांकाचे संयुग निरुपयोगी समजून पूर्वीच बाजूला ठेवण्यात आले होते. १९०९ साली साहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याने ते पुन्हा काळजीपूर्वक तपासले आणि त्याचा गुण प्रत्ययास आला. १९१० साली ते साल्व्हरसान या नावाने प्रसिद्ध झाले. विक्रीपूर्वी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना विनामूल्य देण्यात आल्या.

तथापि यशाबरोबर दूषणेही आली. औषध विरघळविणे व टोचणे अवघड होते. शिवाय सोमल तो सोमलच. काही रोग्यांना अपाय झाला व एर्लिख यांच्यावर कठोर आरोप झाले. त्यांनी काम सोडले नाही. १९१२ साली हाताळण्यास अधिक सोयीचे असे नवे संयुग त्यांनी दिले. आपली गोळी अजून पुरती मंतरलेली नाही, हे त्यांनी ओळखले होते. २० ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे हिटलरच्या राजवटीत, ते ज्यू होते एवढ्याच कारणाने, त्यांच्या नावाचा रस्तादेखील पुसून टाकण्यात आला. काळाने मात्र न्याय केला. १९९० नंतर जर्मनीच्या २०० मार्कच्या नोटेवर त्यांचेच चित्र झळकले.

एर्लिख यांचे अपुरे राहिलेले काम आज अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने पुढे चालले आहे. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. अशा कणाच्या पोटात औषध भरावयाचे आणि त्याच्या अंगावर असा रेणू बसवावयाचा की, तो ठराविक पेशीलाच चिकटेल. कित्येक कर्करोगांच्या पेशींवर फॉलिक आम्ल पकडणारी स्थाने निरोगी पेशींपेक्षा पुष्कळ अधिक असतात. म्हणून फॉलिक आम्लाचा पत्ता लिहून कण तिकडे पाठविण्याचे प्रयत्न चालू आहेत. लोहाच्या ऑक्साइडचे कण चुंबकीय चित्रणात यकृतातील गाठी ओळखण्यास उपयोगी पडले आहेत. काळाआजाराचे जंतू ज्या भक्षक पेशींत दडून बसतात, त्याच पेशी स्निग्ध आवरणातील औषधाचे कण गिळतात. त्यामुळे औषध आपोआप शत्रूच्या घरात पोहोचते. बिहारमधील रोग्यांवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा औषधाच्या एकाच मात्रेने बहुसंख्य रोगी बरे झाले.

असे असले तरी शरीरात सोडलेल्या कणांपैकी बराच मोठा भाग अजूनही यकृत व प्लीहा यांतच अडकतो. नेम अद्याप पुरता साधलेला नाही. विद्यार्थिमित्रहो, तो साधण्यासाठी तीक्ष्ण बुद्धी तर हवीच. पण टाकून दिलेली कुपी पुन्हा एकदा तपासून पाहण्याचा हाता यांचा धीर आणि आपल्या औषधातील उणीव मान्य करून पुढे जाण्याची एर्लिख यांची वृत्तीही हवी. हे दोन्ही गुण शाळेच्या प्रयोगशाळेतही अंगी बाणविता येतात.