ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक

ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (३ ऑगस्ट १८३६ – ३१ ऑगस्ट १९१५) हे अमेरिकन दंतवैद्य, संशोधक व अध्यापक होते. त्यांना आधुनिक दंतवैद्यकाचे एक जनक मानले जाते. दातात भरलेले द्रव्य घट्ट होताना आकसते की फुगते, याचे पद्धतशीर मोजमाप करून त्यांनी दात भरण्याच्या कौशल्याला शास्त्रीय आधार दिला.

जीवन

ब्लॅक यांचा जन्म इलिनॉय राज्यातील विंचेस्टरजवळ शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे औपचारिक शालेय शिक्षण अल्प होते. डॉक्टर असलेल्या थोरल्या बंधूंकडे त्यांनी वैद्यकाचे धडे घेतले आणि पुढे एका दंतवैद्याच्या हाताखाली अल्पकाळ उमेदवारी केली. अमेरिकन यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते. त्यानंतर जॅक्सनव्हिल येथे त्यांनी दीर्घकाळ व्यवसाय केला. १८९७ पासून अखेरपर्यंत ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील दंतविद्यालयाचे अधिष्ठाता होते.

मिश्रधातूंवरील संशोधन

चांदी व कथील यांच्या भुकटीत पारा मिसळून केलेले भरण स्वस्त होते. परंतु त्याच्या वापरावरून एकोणिसाव्या शतकात अमेरिकन दंतवैद्यांमध्ये तीव्र वाद झाला होता. पाऱ्याच्या विषारीपणाच्या भीतीबरोबरच अशा भरणाच्या बेभरवशी वर्तनाचीही तक्रार होती. भरण आकसले, तर त्याच्या व दाताच्या कडेमध्ये फट पडते. तीत लाळ व जंतू शिरून आतून पुन्हा कीड लागते. ते फार फुगले, तर पोकळीबाहेर येते किंवा दातावर ताण पडतो.

ब्लॅक यांनी सूक्ष्ममापक उपकरण तयार करून भरणाच्या आकारातील हे अतिसूक्ष्म बदल मोजले. त्यांचे निष्कर्ष १८९५-९६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कथिलाचे प्रमाण जास्त असल्यास भरण आकसते व चांदीचे प्रमाण वाढवल्यास ते फुगते, हे त्यांनी दाखवले. मिश्रधातूचा कीस ताजा आहे की जुना, यानेही फरक पडतो असे त्यांना आढळले. यातून सुमारे दोन तृतीयांश चांदी, एक चतुर्थांशाहून थोडे अधिक कथील आणि अल्प तांबे व जस्त असलेला संतुलित मिश्रधातू पुढे आला. पुढील अनेक दशके भरणासाठीचे मिश्रधातू साधारणतः याच धर्तीवर तयार होत राहिले.

इतर कार्य

किडीच्या जागेनुसार त्यांनी पोकळ्यांचे पाच वर्ग पाडले. कीड पुन्हा लागू नये म्हणून पोकळी लगतच्या निरोगी भागापर्यंत वाढवावी, असे त्यांचे मत होते. १९०८ साली त्यांचा ‘ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री’ हा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक मॅके यांच्यासह त्यांनी कोलोरॅडोतील रहिवाशांच्या दातांवरील तपकिरी डागांचा अभ्यास केला. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड हे त्याचे कारण १९३१ मध्ये, म्हणजे ब्लॅक यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, उघड झाले.

वारसा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाताच्या रंगाची राळयुक्त कॉम्पोझिट भरणे प्रचारात आली. ती दाताला चिकटत असल्याने निरोगी भाग कोरण्याची गरज कमी झाली व ब्लॅक यांचे पोकळी वाढवण्याचे तत्त्व मागे पडले. मात्र कॉम्पोझिटमधील लहान रेणू जोडले जाऊन साखळ्या बनताना त्याचे आकारमान साधारणतः दोन ते तीन टक्क्यांनी घटते आणि कडेला फट पडण्याचा धोका राहतो. त्यामुळे नवे द्रव्य तपासताना त्याचे आकसणे आजही मोजले जाते. ब्लॅक यांचे पोकळ्यांचे वर्गीकरणही दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते.