बालकांचा कैवारी : डॉ. यानुश कोर्चाक

इस्राएलमध्ये वाढलेल्या पुष्कळ मुलांना ‘हामेलेख मात्या हारिशोन’, म्हणजे ‘राजा मात्या पहिला’, हे पुस्तक चांगले परिचयाचे असते. आपल्यापैकी जे भारतात शिकून मग इकडे आले, त्यांच्या वाट्याला मात्र ते लहानपणी आले नाही. आम्ही इसापनीती, पंचतंत्र आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर वाढलो. त्यामुळे नातवंडे शाळेतून हे पुस्तक घरी घेऊन येतात तेव्हा आजी-आजोबांना त्याचा पत्ता नसतो. कथा अद्भुत आहे, बोधपर आहे, पण तिचा शेवट गोड नाही. असे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे काय, असा प्रश्न घरोघरी निघतो. आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या चरित्रातच मिळते. म्हणून आज वाचकांपुढे ते चरित्र ठेवीत आहोत.

कोर्चाक हे टोपणनाव. खरे नाव हेन्रिक गोल्डश्मित. त्यांचा जन्म पोलंडमधील वॉर्सा शहरी २२ जुलै रोजी झाला. साल १८७८ की १८७९, हे त्यांना स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हते, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. पोलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. आजोबा डॉक्टर, वडील वकील. घर यहुदी, पण घरची भाषा व राहणी पोलिश. आपण यहुदी आहोत हे हेन्रिकला वयाच्या पाचव्या वर्षी कळले, तेही एका विचित्र प्रसंगाने. त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. अंगणात त्याला पुरून वर लाकडाचा क्रूस लावावा, असे त्याच्या मनात आले. घरच्या मोलकरणीने त्याला अडवले. इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने तर सरळ सांगितले की पक्षी यहुदी होता आणि हेन्रिकही यहुदीच, त्यामुळे मेल्यावर तो स्वर्गात नव्हे तर कुठेतरी अंधारात जाणार. त्या अंधाराची भीती कोर्चाकांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे साठीत लिहिलेल्या रोजनिशीतही त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

हेन्रिक शाळेत असतानाच वडिलांना मनोविकार जडला. घरची पुंजी औषधोपचारात गेली. १८९६ साली वडील वारले. मुलगा शिकवण्या करून आई व बहिणीचे पोट भरू लागला. त्याची शाळा रशियन शिस्तीची होती. तिथे मुलांना मार बसे आणि मूल म्हणजे अर्धवट माणूस असे मानले जाई. आपल्याकडच्या शाळांतून ज्यांनी अंगठे धरले आहेत आणि छड्या खाल्ल्या आहेत, त्यांना ह्याची कल्पना सहज येईल. मुलाला कमी लेखणे हाच पहिला अन्याय होय, हे मत त्या शाळेच्या बाकावरच तयार झाले असावे.

१८९८ साली एका लेखनस्पर्धेसाठी त्यांनी कोर्चाक हे नाव घेतले. ते क्राशेव्स्की ह्या पोलिश कादंबरीकाराच्या पुस्तकातील एका पात्राचे नाव होते. त्याच वर्षी ते वैद्यकीय शिक्षणासाठी वॉर्सा विद्यापीठात दाखल झाले. १९०५ साली डॉक्टर होताच रशिया-जपान युद्धात त्यांना लष्करी डॉक्टर म्हणून जावे लागले. परतल्यावर त्यांनी यहुदी मुलांच्या रुग्णालयात काम केले. श्रीमंतांकडून भरपूर फी घ्यावी आणि गरिबांवर जवळजवळ फुकट उपचार करावे, अशी त्यांची रीत होती. त्यांचे नाव झाले, पुस्तके खपू लागली. पण बऱ्या झालेल्या मुलाला पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत आणि त्याच उपासमारीत पाठवायचे, ह्याने त्यांचे मन खाऊ लागले. शेवटी १९१२ साली रुग्णालयातील चांगली नोकरी सोडून ते वॉर्सातील क्रोख्माल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या नव्या इमारतीत सुरू झालेल्या यहुदी अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. त्यांनी लग्न केले नाही. आश्रमातील शंभरएक मुले हाच त्यांचा प्रपंच होता.

हा प्रपंच त्यांनी एकट्याने सांभाळला नाही. स्टेफानिया विल्चिन्स्का ह्या बाई आरंभापासून त्यांच्या बरोबरीने होत्या. डॉक्टर युद्धावर गेले, प्रवासाला गेले, लिहीत बसले, तेव्हा घर चालवले ते बाईंनी. कोर्चाकांचे नाव घेताना ह्या बाईंचे नाव विसरू नये.

आश्रमाची व्यवस्था मुद्दाम सांगण्यासारखी आहे. केर काढणे, वाढणे, भांडी घासणे, लहानांना सांभाळणे ही कामे मुले वाटून घेत. झाडू आणि फडकी कोपऱ्यात लपवून ठेवायची नाहीत, चारचौघांत मानाने ठेवायची, असा डॉक्टरांचा आग्रह असे. नवीन आलेल्या मुलाला पहिले तीन महिने एक मोठे मूल पालक म्हणून नेमून दिले जाई. तक्रार तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून टाकायला पेटी होती. वाईट सवय सोडायची असेल तर मूल डॉक्टरांशी पैज लावी. आठवड्यात इतक्याच वेळा मारामारी करीन, असा आकडा स्वतः ठरवायचा आणि पैज जिंकली तर खाऊ मिळवायचा. एकदम साधू व्हायची अट कोणालाच नव्हती.

सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे मुलांचे न्यायालय. न्यायाधीश मुलेच असत. कायद्याची कलमे डॉक्टरांनी लिहिली होती आणि पहिली नव्याण्णव कलमे क्षमेची होती. पहिलाच होता, ठाऊक नव्हते, पुन्हा करणार नाही, अशा नाना कारणांनी सोडून देण्याची त्यांत तरतूद होती. शंभरापासून पुढे दोष सांगणारी कलमे येत आणि हजाराव्या कलमाखाली आश्रमातून काढून टाकले जाई. ते कलम अगदी क्वचितच लावले गेले. ह्या न्यायालयासमोर मोठ्या माणसांनाही उभे राहावे लागे. एकदा तर सहा महिन्यांत खुद्द डॉक्टरांवर पाच खटले झाले. त्यांतला एक मुलाच्या कानाखाली मारल्याबद्दल आणि एक मुलीवर चोरीचा संशय घेतल्याबद्दल होता. डॉक्टर मुकाट्याने उभे राहिले. मुलाने मोठ्यांना जाब विचारावा आणि मोठ्यांनी तो द्यावा, ही रीत आपल्या घरांतून अजूनही फारशी रुळलेली नाही.

पहिल्या महायुद्धात ते पुन्हा लष्करी डॉक्टर होते. युद्धाच्या धामधुमीतच मुलांवर प्रेम कसे करावे ह्यावर त्यांनी मोठे पुस्तक लिहिले. पुढे पोलंड व रशिया यांच्या युद्धात सेवा करताना त्यांना टायफस झाला. शुश्रूषा करणाऱ्या आईला तो लागला आणि १९२० साली ती वारली. हे दुःख त्यांनी जन्मभर बाळगले.

१९२३ साली ‘राजा मात्या पहिला’ प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या आरंभी लेखकाने स्वतःचे लहानपणीचे छायाचित्र छापले आणि ह्या वयात आपल्यालाही असेच सर्व करावेसे वाटे, असे सांगून टाकले.

कथा थोडक्यात अशी. आईबाप वारल्यामुळे छोटा मात्या राजा होतो. त्याला धड लिहितावाचताही येत नाही. कारभार प्रधानमंडळाच्या हाती असतो. शेजारचे तीन राजे युद्ध पुकारतात, तेव्हा मात्या फेलेक नावाच्या मित्राबरोबर राजवाड्यातून पळतो आणि साधा शिपाई बनून खंदकात लढतो. युद्ध जिंकल्यावर तो सुधारणा आरंभतो. सर्व मुलांना चॉकलेट वाटतो, प्राणिसंग्रहालय बांधतो, आणि शेवटी मुलांची स्वतंत्र लोकसभा काढून तिला हिरवा झेंडा देतो. ही लोकसभा ठराव करते की मुलांनी मोठ्यांची कामे करावी आणि मोठ्यांनी शाळेत जावे. मग काय होणार? आगगाड्या बिघडतात, कारखाने बंद पडतात, राज्याची घडी विस्कटते. ज्या वार्ताहरावर मात्याने विश्वास टाकला तो शत्रूचा हेर निघतो. शत्रू चाल करून येतात. मात्या पकडला जातो, त्याला मरणाची शिक्षा होते. साखळदंडात बांधलेला तो लहान राजा मान ताठ ठेवून आपल्याच राजधानीच्या रस्त्यांतून चालत जातो. ऐन वेळी शिक्षा बदलून त्याला निर्जन बेटावर धाडतात.

आता बोध पाहू. मुलांच्या हाती सत्ता दिली की असेच होते, असा अर्थ काही पालक काढतात. आम्हांस तो पटत नाही. ज्या डॉक्टरांनी कागदावर मुलांचे राज्य बुडवले, त्यांनीच क्रोख्माल्ना रस्त्यावर मुलांचे राज्य वर्षानुवर्षे चालवून दाखवले. तिथेही झेंडा हिरवाच होता. फरक इतकाच की मात्याच्या मुलांना हक्क एका दिवसात मिळाला आणि आश्रमातील मुलांना तो झाडूबरोबर, पाळीच्या कामाबरोबर, दुसऱ्याला क्षमा करण्याबरोबर थोडाथोडा मिळत गेला. शिवाय मात्याजवळ खरे बोलणारे वडीलधारे माणूस नव्हते. प्रधान त्याला खेळवीत आणि हेर त्याला फसवीत. मुलाला हक्क द्यावा आणि आपण त्याच्या जवळ उभे राहावे, असा हा दुहेरी धडा आहे. त्याचा अर्धा भाग मुलांसाठी असला तरी अर्धा आपल्यासाठी आहे.

पुस्तकात एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. आफ्रिकेतील राजा बुम ड्रुम आणि त्याची प्रजा माणसे खाणारी दाखवली आहे. युरोपात त्या काळी आफ्रिकेची अशीच चित्रे काढीत असत. कातडीच्या रंगावरून माणूस तोलला जाण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. तेव्हा ही पाने मुलांसमवेत वाचावी आणि त्यांत चुकीचे काय ते सांगावे. त्याचबरोबर हेही दाखवावे की बुम ड्रुम हाच मात्याचा खरा मित्र ठरतो आणि त्याची मुलगी क्लू-क्लू ही सर्व पात्रांत हुशार व धीट आहे. मुलींना मुलांइतकाच मान हवा म्हणून ती भांडते.

पुस्तकांवरच कोर्चाक थांबले नाहीत. १९२६ साली एका यहुदी दैनिकाबरोबर त्यांनी मुलांनी लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. ते सप्टेंबर १९३९ पर्यंत चालले. १९२९ साली मुलाच्या सन्मानाच्या हक्कावर त्यांनी छोटे पुस्तक लिहिले. रेडिओवर ते म्हातारा डॉक्टर ह्या नावाने बोलत आणि लोकप्रिय होते, पण यहुद्यांविरुद्धचा द्वेष वाढला आणि १९३६ साली तो कार्यक्रम बंद झाला. १९३४ व १९३६ साली ते एरेत्झ इस्राएलला आले आणि एन हारोद किब्बुत्झमध्ये राहिले. इथे कायमचे यावे की आश्रमात राहावे, हा विचार त्यांना छळत होता. मुलांना सोडून येणे त्यांना जमले नाही. विल्चिन्स्का बाई तर एन हारोदमध्ये राहायलाही आल्या होत्या, पण १९३९ साली मुलांकडे परत गेल्या.

मग हिटलरचे सैन्य आले. नोव्हेंबर १९४० मध्ये आश्रमाला घेट्टोत जावे लागले. वाटेत मुलांच्या बटाट्यांची गाडी जर्मनांनी हिसकावली, तेव्हा डॉक्टर दाद मागायला त्यांच्याच कचेरीत गेले. यहुद्यांना सक्तीची असलेली दंडपट्टी त्यांनी बांधली नव्हती. त्यांना मारहाण झाली, तुरुंगात टाकले. सुटल्यावर आजारी अंगाने ते दारोदार फिरून मुलांसाठी पीठ, बटाटे, पैसे मागत. मुलांची संख्या दोनशेच्या घरात गेली होती.

१८ जुलै १९४२ रोजी आश्रमातील मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’. आपल्या भारतातील हे नाटक त्या नरकात पोचले, हे वाचून आमचे डोळे भरून आले. खिडकीशी बसलेला आजारी अमल राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शांतपणे डोळे मिटतो. मुलांना मरणाची भीती वाटू नये, ह्यासाठी कोर्चाकांनी हे नाटक निवडले, असे सांगतात. चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतून माणसे नेण्यास प्रारंभ झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमाची पाळी आली. डॉक्टरांना वाचवण्याची तयारी मित्रांनी अनेकदा दाखवली होती. त्यांनी प्रत्येक वेळी नकार दिला. सुमारे दोनशे मुलांना घेऊन ते, विल्चिन्स्का बाई आणि इतर शिक्षक रस्त्याने चालत स्टेशनवर गेले. गाडी ट्रेब्लिंकाला गेली. त्यांतले कोणीही परत आले नाही. वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या गोष्टीतील लहान राजा एकटा चालत गेला होता. ह्या मुलांच्या बरोबर त्यांचे वडीलधारे माणूस शेवटपर्यंत होते.

ट्रेब्लिंकाच्या स्मारकात हजारो दगड उभे आहेत. त्यांत व्यक्तीच्या नावाचा दगड एकच आहे, तो कोर्चाक आणि मुलांचा. येरुशलायिममधील याद वाशेम येथेही मुलांना कवेत घेतलेली त्यांची मूर्ती आहे. १९७८ साली पोलंडने राष्ट्रसंघापुढे बालहक्कांच्या कराराचा प्रस्ताव मांडला आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी तो करार संमत झाला. कोर्चाकांचा विचार त्याच्या मुळाशी आहे.

तेव्हा हे पुस्तक मुलांना द्यावे काय? अवश्य द्यावे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते झेपते. फक्त हाती देऊन निघून जाऊ नये. आजी-आजोबांचे हिब्रू कच्चे असेल तर नातवंडाने मोठ्याने वाचावे आणि अडलेला शब्द त्यानेच समजावून द्यावा. त्यात आपली काहीच मानहानी नाही. उलट मुलाकडून शिकण्याची तयारी ठेवणे, हेच तर डॉक्टरांनी जन्मभर शिकवले. शेवटचे पान आले आणि मूल रडू लागले तर त्याला गप्प करू नये, जवळ बसून राहावे.